बाळंतविडा आणि आहेराची वही

व्यापारी घरात हिशेबाच्या वह्या दोन प्रकारच्या असतात. दुकानातील रोजकीर्द आणि खतावणी आता संगणकात गेली आहे. दिवाळीला पूजनापुरती लाल बांधणीची वही येते, पण पहिल्या पानावरील ‘श्री’ आणि ‘शुभ-लाभ’ यांच्यापुढे ती सहसा जात नाही. घरातील आहेराची वही मात्र अजूनही हातानेच लिहिली जाते. ती बहुधा घरातील ज्येष्ठ स्त्रीच्या कपाटात, साड्यांच्या घडीखाली जपून ठेवलेली असते. लग्न, गृहप्रवेश, डोहाळजेवण, बारसे अशा प्रत्येक प्रसंगी कोणाकडून काय आले याची तारीखवार नोंद तीत सापडते. पुढे त्या घरी कार्य निघाले की पान उलटून पाहायचे आणि आलेल्या रकमेत थोडी भर घालून परत करायची, हा पिढ्यान्पिढ्यांचा शिरस्ता आहे.

या वहीला हसण्याचे कारण नाही. बँका गावोगाव पोहोचण्यापूर्वी एखाद्या कुटुंबावर एकाच वेळी पडणारा खर्च दहा घरांनी वाटून घेण्याची ती एक रीत होती. भिशीची सख्खी बहीणच म्हणावी. धंद्यात खोट आलेल्या कित्येक घरांतील मुलींची लग्ने याच वहीच्या आधारावर मानाने पार पडली आहेत.

तथापि, मूल जन्मते तेव्हा ही वही फारशी कामाची राहत नाही. लग्नघर महिनाभर आधी सज्ज असते, नातेवाईक हाताशी असतात आणि आलेली वस्तू ठेवायला माणूस असतो. बाळंतघर याच्या अगदी उलट. तेथे रात्र आणि दिवस यांतील भेद संपलेला असतो, आईच्या अंगातील शक्ती गेलेली असते, बाप दुकान आणि दवाखाना यांमध्ये धावत असतो आणि आजीचे गुडघे जिने चढून थकलेले असतात. अशा घरी ‘त्यांनी आपल्याकडे ११०१ दिले होते, आपण १५०१ देऊ’ या हिशेबाने पाकीट पोचते. ते चुकीचे आहे असे नाही, परंतु त्या घराच्या गरजेशी त्याची गाठ क्वचितच पडते.

सोलापूरच्या एका कापड व्यापाऱ्याच्या घरी बारशाच्या दुसऱ्या दिवशी सासूबाई आणि धाकटी नणंद यांनी आलेल्या वस्तूंची मोजदाद केली. लहान मुलांचे तयार कपड्यांचे जोड एकोणीस निघाले, त्यांपैकी सतरा पहिल्या तीन महिन्यांच्या मापाचे. त्याखेरीज सात ब्लँकेटे, पाच चांदीच्या वाट्या, चार जोड वाळे, दोन वॉकर आणि बटण दाबताच इंग्रजी गाणे म्हणणारे एक भलेमोठे अस्वल. त्या अस्वलाला बाळ घाबरते म्हणून ते पुढे माळ्यावर गेले. एवढ्या ढिगात बाळाला अंघोळीनंतर गुंडाळायला मऊ सुती पंचा मात्र एकही नव्हता. आणि हे घर पंचे, टॉवेल, चादरी यांच्याच व्यापारातले!

तान्ह्या बाळाच्या वाढीचे गणित बाजाराला जाण्यापूर्वी ध्यानात घेतले तर असे ढीग साचणार नाहीत. जन्मतः पावणेतीन किलोचे बाळ पाचव्या महिन्याच्या सुमारास दुप्पट आणि वर्षाचे होईतो जवळपास तिप्पट वजनाचे होते. जन्माच्या वेळी नेमके बसणारे झबले दोन महिन्यांत आखूड पडते. म्हणून कपडेच द्यायचे असतील तर सहा महिन्यांपुढील मापाचे द्यावेत आणि ते देताना त्या वेळचा ऋतूही मोजावा. आषाढात जन्मलेले बाळ सहा महिन्यांचे होईल तेव्हा पौषातील थंडी असेल. त्याला कानटोपी आणि पूर्ण बाह्यांचे जाडसर कपडे लागतील. माघात जन्मलेल्याला चौथ्या महिन्यात उन्हाळ्याचा कडाका सोसायचा असतो. त्याला मलमलीची बंडी आणि पातळ दुपटी यांखेरीज काहीच नको असते. जर-मणी-टिकल्या लावलेले कपडे एका छायाचित्रापुरते अंगात जातात. रेशमाचे तर जैन घरात बोलायलाच नको. कोशातील किड्याच्या जिवावर उठणारे ते वस्त्र नवजात जिवाच्या अंगावर घालण्यात औचित्य नाही.

जुन्या बायका बाळाचे पहिले झबले नव्या कापडाचे शिवत नसत. आजीच्या वापरून मऊ झालेल्या लुगड्याची दुपटी आणि गोधडी, तसल्याच धोतराचे लंगोट अशी ती तयारी असे. त्यामागे काटकसर होती, तसेच शंभर वेळा धुतलेल्या सुताइतके मऊ दुसरे काही मिळत नाही हा अनुभवही होता. आज एखाद्या मावशीने अशा चार दुपट्या हाताने शिवून, उकळत्या पाण्यातून काढून, उन्हात वाळवून दिल्या तर दुकानातील हजार रुपयांच्या संचापेक्षा त्या अधिक वापरल्या जातात.

चांदीविषयी थोडे वेगळे बोलायला हवे. बारशाला चांदी देणे शुभ मानतात आणि तिचे मोल टिकते, हेही खरे. परंतु कोणत्याही बँकेच्या लॉकरच्या खोलीत असे डबे निघतात, ज्यांत तीस-तीस वर्षांपूर्वीचे वाळे, तोडे आणि खुळखुळे काळे पडून राहिलेले असतात. ज्याच्या पायात ते एकदा चढले तो आता स्वतःच्या मुलाच्या बारशाची यादी करत असतो. त्यातही घुंगरू किंवा सुटे काळे मणी असलेल्या मनगट्या तान्ह्या बाळाला धोक्याच्या असतात, कारण सहा महिन्यांनंतर हाती येईल ते तोंडात जाते आणि सुटलेला मणी श्वासनलिकेत अडकू शकतो. चांदीच द्यायची तर भरीव, साधी, बिननक्षीची वाटी किंवा बोंडले द्यावे. बोंडल्याला आजच्या सुना जुनाट समजतात. परंतु आईचे दूध काढून पाजण्याची वेळ आली तर बाटलीऐवजी वाटी-चमचा किंवा बोंडल्यासारखे उघडे भांडे वापरा असेच बालरोगतज्ज्ञ सांगतात, कारण ते स्वच्छ करणे सोपे असते. दुधाच्या बाटल्यांचा रंगीत संच ही मात्र देऊ नये अशी भेट. बाटल्या आणि डब्यातील दूध यांची जाहिरात करणे किंवा प्रचारासाठी ती फुकट वाटणे यावर कंपन्यांना १९९२च्या कायद्याने बंदी आहे. जे कंपनीला करता येत नाही ते आत्याबाईंनी हौसेने का करावे?

वॉकरचेही तसेच. त्याने मूल लवकर चालते हा समज खोटा आहे, आणि जिन्यावरून किंवा उंबऱ्यावरून कोसळण्याचे अपघात इतके होतात की कॅनडाने २००४ मध्ये त्याच्या विक्रीवरच बंदी घातली. खेळणे घेताना आयएसआय चिन्ह पाहावे. १ जानेवारी २०२१ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांना ते सक्तीचे आहे. घुटीबरोबर मध चाटवण्याची काही घरांत रीत आहे. जैन आचारात मध वर्ज्यच आहे, आणि वर्षाच्या आतील बाळाला मध मुळीच देऊ नये असे आधुनिक वैद्यकही सांगते. तेव्हा कोणी मधाची सुबक बाटली आणलीच, तर संकोच न करता बाजूला ठेवावी.

आता आहेराच्या वहीकडे पुन्हा वळणे भाग आहे, कारण तिच्यात एक असा मजकूर असतो जो कोणी मोठ्याने वाचत नाही. कुठल्याही घरातील जुनी वही काढावी आणि नातवाच्या व नातीच्या बारशाची पाने शेजारी ठेवावीत. एका पानावर सोन्याची अंगठी, साखळी, ५००१. दुसऱ्यावर त्याच माणसांकडून वाळे, फ्रॉक, ५०१. नातवाचे पेढे, नातीची बर्फी. दुसरी मुलगी झालेल्या घरी तर पान अर्धे कोरेच राहते. २०११च्या जनगणनेत जैन समाजात शून्य ते सहा वयोगटात दर १००० मुलग्यांमागे ८८९ मुली आढळल्या. हे प्रमाण देशाच्या सरासरीपेक्षा कमी आहे, आणि साक्षरतेत हाच समाज देशातील सर्व धर्मसमुदायांत पहिला आहे. मुंगीच्या जिवासाठी पाऊल जपून टाकणाऱ्या समाजाला हा आकडा शोभणारा नाही. त्याची कारणे अनेक असतील, परंतु आहेराच्या वहीतील दोन पानांमधील तफावत हे त्या कारणांपैकी एक आहे आणि ते प्रत्येकाच्या हातातले आहे.

बार्शीच्या एका आडत व्यापाऱ्याच्या घरी दुसरी मुलगी झाली. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात भेटायला आलेल्या दोघी-तिघींनी सुनेला ‘असू दे, पुढच्या वेळी होईल’ असा धीर दिला. तिने धीर मागितलाच नव्हता. त्या दिवसापासून ती गप्प झाली. दूध कमी आले, झोप उडाली, माणूस आले की ती भिंतीकडे तोंड करून पडू लागली. प्रसूतीनंतर येणारे हे औदासीन्य पहिल्या दोन आठवड्यांत ओसरले नाही तर तो आजार असतो आणि त्यावर उपचार आहेत, हे त्या घरात प्रथम ओळखले ते तिच्या मोठ्या जावेने. तिने भेटीगाठी पंधरा दिवस बंद केल्या, धाकटीला डॉक्टरांकडे नेले आणि रात्री दहा ते दोन बाळाला स्वतःच्या खोलीत ठेवायला सुरुवात केली. फक्त पाजण्यासाठी आईकडे न्यायचे. हे तिने तब्बल एकवीस रात्री केले. बारशाच्या दिवशी सासूबाईंनी वही काढली, तेव्हा घरातील माणसांच्या नोंदी करायची पद्धत नसतानाही मोठ्या सुनेच्या नावापुढे त्यांनी ‘२१ रात्री’ असे लिहिले आणि रकमेच्या रकान्यात आडवी रेघ मारली. त्याच दिवशी थोरल्या नातीच्या वेळचे पान काढून आजोबांनी धाकटीसाठीही तेवढ्याच वजनाची साखळी आणली होती. पुढे त्या घरी मुलगा जन्मला किंवा नाही, हा प्रश्न येथे गौण आहे.

जन्मापूर्वी बाळासाठी काही आणू नये, पाळणा बांधू नये, हा जुन्या मंडळींचा दंडक पुष्कळांना अंधश्रद्धा वाटतो. ज्या काळी दर घरात एखादे तरी मूल हाती लागत नसे, त्या काळातील शहाणपण त्यात होते. आजही सर्व काही माणसाच्या हाती नाही. फलटणकडील एका कुटुंबातील सुनेची प्रसूती आठव्या महिन्याच्या सुरुवातीलाच करावी लागली. बाळ दीड किलोचे, पुण्यातील रुग्णालयाच्या अतिदक्षता कक्षात पाच आठवडे काचेच्या पेटीत होते. तिकडे घरी मैत्रिणींनी डोहाळजेवणानंतर पाठवलेला झालरीचा पाळणा, भिंतीवर चिकटवलेले चांदण्यांचे कागद आणि वजन मांडून ठेवायचा रंगीत तक्ता वाट पाहत होते. आठव्या दिवशी आई रिकाम्या हातांनी त्या खोलीत आली आणि दार लावून घेऊन परत फिरली. देणाऱ्यांचा हेतू निर्मळ होता, वेळ तेवढी चुकली होती.

त्या पाच आठवड्यांत तिच्या नवऱ्याची पुण्यातील मामी जे काही देत गेली ते कोणत्याही दुकानात एका पेटीत बांधून मिळत नाही. रुग्णालयातील परिचारिकांनी सांगितले की बाळाला आईच्या उघड्या छातीशी तासन्‌तास धरायचे आहे. कोलंबियातील बोगोटा शहरात १९७०च्या दशकाच्या अखेरीस, काचेच्या पेट्या अपुऱ्या पडल्या म्हणून डॉक्टरांनी सुरू केलेली ही रीत. कांगारूमाता पद्धत या नावाने ती आता जगभर पसरली आहे आणि कमी वजनाच्या बाळांना तिचा मोठा लाभ होतो. त्यासाठी पुढून उघडणारे सैल कपडे लागतात. मामींनी त्याच संध्याकाळी तीन सुती गाऊन पुढून बटणे लावून शिंप्याकडून करून आणले. दूध काढण्याचे यंत्र विकत न घेता भाड्याने आणून दिले. फोनला लावायची लांब वायर, झाकणाची स्टीलची बाटली, खुर्चीवर पाठीशी घ्यायला एक लोड, एवढेच सामान. सून सूर्यास्तानंतर जेवत नाही हे ठाऊक असल्याने तिचा डबा रोज पाचच्या आत रुग्णालयाच्या दाराशी पोचत असे. त्यात मऊ मुगाची खिचडी, तूप, दोडक्याची भाजी आणि वेगळ्या डबीत डिंकाचा लाडू.

“मामी, किती करताय तुम्ही! मला फार ओशाळल्यासारखं होतं,” सून एकदा म्हणाली.

“अगं, डबा तर घरच्यांसाठी करतेच ना मी. त्यात एक जास्तीचा. तू आधी जेव, पाच वीस झालेत,” एवढेच मामींचे उत्तर.

विशेष हे की बाळाचे वजन आज किती झाले, हे त्यांनी एकदाही विचारले नाही. सांगावेसे वाटले की सूनच सांगत असे.

यावरून गर्भवतीला काय द्यावे याचाही उलगडा होतो. जन्मापूर्वीची भेट बाळासाठी नसावी, ती तिच्यासाठीच असावी. शेवटच्या महिन्यांत पाऊल सुजते, म्हणून एक माप मोठी, कापडी किंवा रबरी, न घसरणाऱ्या तळाची चप्पल. कुशीवर झोपताना गुडघ्यांत घ्यायला लांब उशी. कित्येक घरांतील सुना सातव्या महिन्यापर्यंत दुकानाच्या गल्ल्यावर बसतात. तेथे त्यांना पाठीची खुर्ची, पायाखाली एक पाट आणि दुपारची दीड तासाची हमखास सुट्टी देणे हे सासऱ्यांच्या अधिकारातले काम आहे. नोकरदार स्त्रीला २०१७च्या दुरुस्तीने २६ आठवड्यांची भरपगारी प्रसूतिरजा मिळाली. घरच्या पेढीवर राबणाऱ्या सुनेला कोणताही कायदा रजा देत नाही, ती घरानेच द्यावी लागते.

खाण्याच्या भेटींबाबत एक व्यवहार पाळावा: आधी विचारावे. महाराष्ट्रात बाळंतिणीच्या आहारात लसणाचा भरपूर वापर असतो. जैन स्वयंपाकघरात तो नसतो, आणि शेजारणीने प्रेमाने आणलेली लसणाची चटणी परत करताना दोघींनाही अवघडते. चातुर्मासात पालेभाज्या वर्ज्य करणाऱ्या घरी शेपू-मेथीचा प्रश्न येतो. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील १५ ते ४९ वयोगटातील गर्भवतींपैकी ५२.२ टक्के रक्तक्षयी आढळल्या. तेव्हा पालेभाजी नसेल तर बाजरी, अळीव, खारीक, काळे मनुके यांची व्यवस्था नीट हवी आणि डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या प्रसूतीनंतरही चालू हव्यात. रात्री पाजताना भूक अनावर होते. चौविहार पाळायचा, शिथिल करायचा की काही महिने थांबवायचा, हे त्या स्त्रीने आणि तिच्या घरच्यांनी ठरवायचे. पाहुण्यांनी त्यावर मत देऊ नये, हीही एक भेटच समजावी. सुक्या मेव्याचा मोठा डबा देण्यापेक्षा चाळीस दिवसांच्या मालिशवालीचे पैसे आधीच भरून टाकणे कितीतरी उपयोगाचे. बाळंतिणीला स्वतःसाठी ते मागणे जड जाते.

पित्याचा विचार आहेराच्या वहीत मुळीच नसतो. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला मूल झाले की पंधरा दिवसांची पितृत्व रजा मिळते. दुकानदार तिसऱ्या दिवशी गल्ल्यावर हजर असतो, मग तूरखरेदीचा हंगाम असो की पाडवा. चुलतभावाने किंवा मेहुण्याने येऊन ‘पंधरा दिवस सकाळचं दुकान मी उघडतो’ असे म्हटले तर त्या भेटीची किंमत व्यापाऱ्याइतकी दुसऱ्या कोणाला कळणार नाही. विश्वासाने गल्ला सोपवता येईल असा माणूस ही व्यापारी कुळांची मोठी पुंजी, आणि ती याच वेळी वापरायची.

रोख रकमेविषयी मात्र सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण येथे हौस फार आणि माहिती कमी. बारशाची पाकिटे एकत्र होऊन घरखर्चात विरघळतात. ती बाळाची राहावीत असे वाटत असेल तर बाळाच्या नावे बचत खाते उघडून त्यात भरावीत. अज्ञान मुलाचे खाते पालकाच्या सहीने चालते आणि आईची सहीही तितकीच ग्राह्य असते. हे नेहमीच असे सरळ नव्हते. मुलाच्या नावे रोखे घेताना आईची सही रिझर्व्ह बँकेने नाकारली म्हणून लेखिका गीता हरिहरन सर्वोच्च न्यायालयात गेल्या, आणि वडील हयात असतानाही प्रसंगानुसार आई नैसर्गिक पालक ठरू शकते असा निर्णय १९९९ मध्ये झाला. ज्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याचा तेथे अर्थ लावला गेला, तो जैनांनाही लागू आहे. खाते उघडताना आईचे नाव पालक म्हणून घालण्याची सूचना आजोबांनीच केली तर सुनेला ती कोणत्याही साडीपेक्षा मोठी वाटेल.

ठेवीचे गणित सोपे आहे. आज १०,००० रुपये ठेवले आणि दर सात टक्के टिकला असे गृहीत धरले, तर चक्रवाढीने दहा वर्षांत ते सुमारे दुप्पट आणि अठरा वर्षांत तेहतीस हजारांच्या वर जातात. मुलीसाठी सुकन्या समृद्धी खाते आहे. जानेवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत मुलगी दहा वर्षांची होईपर्यंत खाते उघडता येते, वर्षाला किमान २५० आणि कमाल दीड लाख रुपये, पंधरा वर्षे भरायचे. खाते उघडल्यापासून एकवीस वर्षांनी मुदत पुरी होते. हे खाते आईवडिलांनी किंवा कायदेशीर पालकानेच उघडायचे असते. अनेक आजोबांनी हौसेने आपल्या सहीने खाती उघडली होती. ती पालकांच्या नावे वर्ग करण्याच्या सूचना २०२४ मध्ये काढाव्या लागल्या. आजोबांनी पैसे द्यावेत, अर्जावर सही मुलाची किंवा सुनेची असावी.

करांची बाजूही पाहून ठेवावी. मामा, काका, आत्या, मावशी, आजी-आजोबा यांनी दिलेली रक्कम कितीही असली तरी बाळाच्या हाती ती करमुक्त. परंतु व्यापारातील स्नेह्यांकडून, जे कायद्याच्या व्याख्येत नातेवाईक नाहीत, वर्षभरात एकूण ५०,००० रुपयांहून अधिक आले तर ती संपूर्ण रक्कम उत्पन्न धरली जाते. लग्नातील आहेराला येथे सूट आहे, बारशातील आहेराला नाही. हा फरक भल्याभल्यांना ठाऊक नसतो. आणि बाळाच्या नावावरील ठेवीचे व्याज सर्वसाधारणपणे आईवडिलांपैकी ज्यांचे उत्पन्न अधिक त्यांच्या उत्पन्नात मिळवले जाते. सुकन्या खात्याच्या व्याजावर कर नाही.

ज्यांच्याकडे पैसा बेताचा आणि वेळ मुबलक आहे, अशा निवृत्त काका-मामांसाठीही एक काम शिल्लक असते. जन्माची नोंदणी एकवीस दिवसांत व्हावी लागते. रुग्णालय कळवते, तरीही प्रमाणपत्र हाती येईपर्यंत दोन-चार खेपा होतातच. नाव ठरले नसेल तर नावाविना नोंद होते आणि वर्षभरात नाव विनाशुल्क घालता येते. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेशापासून पारपत्रापर्यंत हाच मुख्य पुरावा ठरतो, त्यामुळे त्यातील एक अक्षर चुकले तरी पुढे वीस वर्षे निस्तरावे लागते. ज्या मामांना फुरसत आहे त्यांनी जोडप्याला विचारून कागद ताब्यात घ्यावेत, आईचे नाव तिच्या आधारपत्रावर आहे तसेच लिहिले आहे ना, वडिलांच्या नावातील इंग्रजी स्पेलिंग दुकानाच्या कागदपत्रांशी जुळते ना, हे खिडकीवरच चष्मा लावून तपासावे, आणि चार साक्षांकित प्रती काढून एक लसीकरणाच्या कार्डाबरोबर, एक बँकेच्या पासबुकात व दोन घरच्या फायलीत ठेवून मगच घरी परतावे. पहिल्या सहा, दहा आणि चौदा आठवड्यांच्या लशींच्या दिवशी गाडी घेऊन दाराशी उभे राहायचे असेल, तर त्या तारखाही तेथेच, त्याच फायलीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवाव्यात.